सुवर्णकणांनी कर्करोगावर उपचार : आज काय शक्य आहे आणि काय नाही

(शिरूर व दौंड येथे झालेल्या देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यांत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी मी जमाखर्चाविषयी बोलतो आणि आपण तो सौजन्याने ऐकून घेता. यंदाचा लेखापरीक्षित ताळेबंद अहवालाच्या अखेरीस जोडलेला आहे. तो आपण सवडीने वाचावा आणि शंका असल्यास कार्यालयात विचारावी. आज अध्यक्षांच्या अनुमतीने मी एका वेगळ्या विषयावर बोलणार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्राचा किंवा पदार्थविज्ञानाचा माझा अभ्यास नाही. म्हणून येथे जे सांगणार आहे ते आपल्या मानद शल्यचिकित्सकांकडून आधी तपासून घेतले आहे, एवढे प्रारंभीच नमूद करतो.

या विषयाकडे मला दोन व्यक्तींनी नेले. पहिले आपले एक जुने देणगीदार. घोडनदीच्या बाजारपेठेत त्यांची सराफीची पिढीजात पेढी आहे. त्यांनी वर्तमानपत्रात वाचले, की सोन्याचे अतिसूक्ष्म कण शरीरात सोडून त्यांवर प्रकाश टाकला असता कर्करोगाची गाठ जळून जाते. दुसऱ्याच दिवशी ते कार्यालयात आले आणि म्हणाले, "साहेब, सोने मी देतो. किती लागेल तेवढे सांगा आणि ते यंत्र आपल्याकडे आणा." दुसरी व्यक्ती म्हणजे दौंड तालुक्यातील भीमाकाठच्या एका गावातील तरुण शेतकरी. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो आला होता. त्याच्याही हाती तशाच एका बातमीचे कात्रण होते. त्याच्या आईच्या गालाच्या आतील बाजूस कर्करोगाची गाठ निघाली होती आणि पुण्यातील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला होता. त्याने विचारले, "साहेब, आईचा गाल न कापता हे सोन्याचे औषध मिळेल का?"

सराफांना आणि त्या मुलाला एकच उत्तर द्यावयाचे होते. ते मला वेळेवर देता आले नाही. त्याची हकीकत पुढे सांगेन. आधी ही उपचारपद्धती काय आहे ते समजून घेऊ.

सोने आपल्याला पिवळे दिसते, कारण आपण ते मोठ्या आकारात पाहतो. त्याचे कण पुरेसे लहान केले की त्याचा रंगच पालटतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याचे असे कण पाण्यात तयार केले, तेव्हा ते पाणी माणकासारखे लाल दिसले. त्यांच्या काही कुप्या त्या संस्थेत आजही जपून ठेवलेल्या आहेत. या कणांचे माप नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. हे कण वीस, पन्नास, फार तर दीडशे नॅनोमीटरचे. सराफांच्या भाषेत सांगायचे तर एक ग्रॅम सोन्याचे वीस नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले, तर त्यांची संख्या सव्वा कोटी अब्जांच्या घरात जाईल, आणि त्या सर्वांचा पृष्ठभाग एकत्र मांडला तर सुमारे पंधरा चौरस मीटर, म्हणजे एका चांगल्या खोलीच्या जमिनीएवढा भरेल. हा हिशेब मी स्वतः कागदावर मांडून पाहिला आणि सराफांना दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला.

एवढ्या सूक्ष्म कणावर प्रकाश पडला की सोन्यातील मुक्त इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावू लागतात. ठरावीक रंगाच्या प्रकाशाशी त्यांचा ताल जुळला, की कण तो प्रकाश प्रचंड प्रमाणात शोषून घेतो आणि त्याचे उष्णतेत रूपांतर करतो. भोवतालची पेशी त्या उष्णतेने मरते. शरीराचे नेहमीचे तापमान ३७ अंश सेल्सिअस. ४२-४३ अंशांच्या वर काही काळ राहिले की पेशींची हानी होऊ लागते आणि ५० अंशांच्या पुढे ती फार वेगाने होते. या पद्धतीत सोने रासायनिक औषधाप्रमाणे काम करीत नाही. चुलीवरील तव्याप्रमाणे ते तापते, एवढेच त्याचे कार्य. जेथे कण आहे आणि जेथे प्रकाशही आहे, तेथेच उष्णता निर्माण होते. केवळ कण किंवा केवळ प्रकाश यांपैकी एकानेच फारसे काही होत नाही. निरोगी भाग वाचवून गाठ तेवढी नष्ट करण्याची आशा या दुहेरी अटीवर उभी आहे.

आता प्रकाश शरीरात शिरणार कसा? रात्री वीज गेली की मुले पेटत्या बॅटरीवर तळहात ठेवून खेळतात. बोटांच्या कडा लालसर उजळतात. निळा किंवा हिरवा उजेड पलीकडे येत नाही. रक्त आणि त्वचा तो पिऊन टाकतात, तांबडा थोडाफार पार होतो. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहून थोडा अधिक आत जातो. अडचण अशी, की सोन्याचे साधे गोल कण हिरव्या प्रकाशाशी जुळतात, अवरक्ताशी नाही. म्हणून शास्त्रज्ञांना कणांचा आकारच बदलावा लागला. कोणी त्याच्या कांड्या केल्या, कोणी वाळूच्या जातीच्या सूक्ष्म गोळीवर सोन्याचे पातळ कवच चढवले, तर कोणी चपटे त्रिकोण केले.

येथे आपल्या जिल्ह्याचे नाव येते आणि ते घेताना मला आनंद होतो. पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याचे असे त्रिकोणी कण गवती चहाच्या अर्कातून तयार केले. आपल्या परसात असतो तोच गवती चहा. त्याच्या पातीचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला असता, भट्टी न पेटवता, साध्या तापमानाला हे चपटे त्रिकोण आकाराला आले. २००४ साली 'नेचर मटेरिअल्स' या नामांकित नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. हे कण अवरक्त प्रकाश चांगला शोषतात आणि त्यामुळे कर्करोगाच्या पेशी तापवून मारण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ शकेल, अशी शक्यता त्यात नोंदवलेली होती. शिरूरच्या माणसाने अमेरिकेकडे डोळे लावण्यापूर्वी पाषाणकडे एकदा पाहावे, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगितले.

अमेरिकेतही काम झाले आणि पुढे गेले. ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने कवचाच्या कणांचा वापर करून २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षी त्यांनी उंदरांच्या गाठींवर हा उपचार केल्याचे प्रसिद्ध झाले, आणि उपचार मिळालेले उंदीर नव्वद दिवसांनंतरही गाठीविना होते. २००६ साली जॉर्जिया टेक येथील मुस्तफा एल-सईद यांच्या गटाने सोन्याच्या कांड्यांवर एक प्रतिपिंड चिकटवले. हे प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशीला अधिक प्रमाणात जाऊन बिलगते. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर जेव्हा प्रकाश टाकला, तेव्हा निरोगी पेशीला मारण्यास जेवढी प्रकाशऊर्जा लागे त्याच्या सुमारे निम्मीच कर्करोगाच्या पेशीला पुरली. त्या पेशी मुखाच्या कर्करोगाच्या होत्या, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी परत येणार आहे.

मुंबईत भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पवईच्या आयआयटीत, डॉ. रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने आणखी एका अडचणीवर उपाय शोधला. सोने शरीरात विरघळत नाही. मोठे कण यकृतात आणि प्लीहेत साचून राहण्याची भीती असते. या गटाने स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीवर सोन्याचे कण बसवले, जेणेकरून काम झाल्यावर पिशवी मोडेल आणि सुटे झालेले बारीक कण शरीराबाहेर पडू शकतील. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संशोधन संस्थेच्या सहकार्याने झालेले हे प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेही उंदरांवरचेच.

माणसांवरील प्रयोग झाले नाहीत असे नाही. अमेरिकेत पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, मर्यादित कर्करोग असलेल्या सोळा रुग्णांवरील चाचणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी पंधरा जणांमध्ये ठरलेली गाठ या पद्धतीने जाळण्याचे काम पार पडले, आणि मूत्रविसर्जनावर व इतर कार्यांवर लक्षणीय दुष्परिणाम दिसला नाही. कवचाचे कण आदल्या दिवशी शिरेतून दिले गेले, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिमांच्या आधारे सुईच्या मार्गाने लेझरचा प्रकाश थेट गाठीत नेला गेला.

सोळा रुग्ण. माझ्यासारख्या हिशेबनीसाला हा आकडा फार काही सांगतो. सुरुवात चांगली झाली, असे तो सांगतो, आणि अजून सुरुवातच आहे, असेही सांगतो. रोग मर्यादित, गाठ नेमकी कोठे आहे हे ठाऊक, कोणाच्याही शरीरात तो पसरलेला नाही, अशा निवडक रुग्णांवर हे केलेले होते. नित्याचा उपचार म्हणून या पद्धतीला आपल्या देशात मान्यता मिळालेली नाही. जो कोणी आपल्याला ती आज पैसे घेऊन देऊ करील, त्याला विचारावे : ही नोंदणीकृत वैद्यकीय चाचणी आहे काय, नैतिकता समितीची परवानगी कोठे आहे, संमतिपत्र कोणत्या भाषेत आहे? भारतात अशा चाचण्यांची नोंद राष्ट्रीय चाचणी-नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे, आणि चाचणीतील प्रायोगिक औषधासाठी रुग्णाकडून सहसा पैसे घेतले जात नाहीत. "सोन्याचे थेंब" अथवा "गोल्ड नॅनो" अशा नावांनी बाटल्या विकणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. प्रकाशाशिवाय त्या कणांना काही कामच नाही, हे आपण आत्ताच पाहिले. सुवर्णभस्माविषयीही मला विचारले जाते. त्याची परंपरा आणि वापर वेगळा आहे. हा उपचार म्हणजे सुवर्णभस्म नव्हे, आणि एकाचे श्रेय दुसऱ्याला देऊन कोणी गाठीवरचा उपचार थांबवू नये.

आता मर्यादांविषयी. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिली मर्यादा पोहोचण्याची. शिरेतून सोडलेले कण गाठीपर्यंत किती जातात? टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी त्यापूर्वीच्या दहा वर्षांतील प्रसिद्ध प्रयोग एकत्र करून २०१६ साली हिशेब मांडला. सर्व प्रकारच्या नॅनोकणांचा विचार करता गाठीपर्यंत पोहोचलेला भाग मध्यम मानाने शेकडा ०.७ एवढाच निघाला. शंभर रुपयांची मनीऑर्डर करावी आणि गावी सत्तर पैसे पोचावेत, असा हा प्रकार आहे. उरलेले बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात. दुसरी मर्यादा प्रकाशाची. अवरक्त प्रकाशही शरीरात काही सेंटिमीटरांपलीकडे उपयुक्त तीव्रतेने जात नाही. खोलवरच्या गाठीसाठी सुईतून तंतू आत न्यावा लागतो. तिसरी मर्यादा यांहून मोठी आहे. प्रकाश जेथे टाकाल तेथेच काम होते. परंतु रोग मानेच्या गाठींत, फुप्फुसात, हाडांत पसरला असेल तर प्रकाश टाकणार कोठे? न दिसणाऱ्या ठिकाणी दिवा लावता येत नाही.

ही तिसरी अडचण आपल्या शल्यचिकित्सकांनी समजावून सांगितली त्या संध्याकाळी, सराफांना काय उत्तर द्यावयाचे ते मला उमगले. हा उपचार उद्या सिद्ध झाला, स्वस्त झाला, अगदी शिरूर-दौंडपर्यंत आला, तरी तो कोणाच्या कामी येईल? ज्याची गाठ लहान आहे, जागच्या जागी आहे आणि प्रकाश पोहोचेल एवढी वर आहे, त्याच्या. मुखाचा कर्करोग पृष्ठभागावरच असतो. आरशात दिसतो, बोटाला लागतो. स्तनाची गाठही फार खोल नसते. म्हणजे ज्या कर्करोगांनी आपल्या भागातील कुटुंबे अधिक गांजतात, नेमके तेच या नव्या पद्धतीला सोयीचे. परंतु वेळेत सापडले तर. आणि वेळेत सापडलेली मुखाची लहान गाठ आजच्या साध्या शस्त्रक्रियेनेही पुष्कळदा बरी होते. त्यासाठी सोन्याची वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडे ती वेळेत सापडत नाही, याचे कारण आपणा सर्वांना माहीत आहे. ते घराघरांत आहे. मिश्री. भाजलेल्या तंबाखूची पूड सकाळी दातांना लावायची, मग दुपारी कामावरून आल्यावर, मग रात्री. न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंतच्या रस्त्याने कोणत्याही गावात शिरा, पन्नाशीच्या पुढची स्त्री हाती डबी घेतलेली दिसेल. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, कारण घरातल्या बाईला व्यसन कसे म्हणावे? दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणूनच ती घरात येते. गालात पांढरा चट्टा पडतो, तिखट लागेनासे होते, तोंड पुरते उघडत नाही, आणि तरीही तोंड आले म्हणून त्यावर मध लावला जातो. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर आणि दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवर जी बाहेरगावची कुटुंबे येतात, त्यांची अवस्था आणखी बिकट. आमच्या शिबिरात एखाद्या मजूर स्त्रीच्या तोंडात संशयास्पद चट्टा सापडतो, तिला चिठ्ठी दिली जाते आणि पंधरा दिवसांनी पाहावे तर कोपी उठलेली असते.

लवकर शोधण्याचा उपयोग होतो हे सांगण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कुर्डुवाडी आणि तेथून बार्शी. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने त्या गटातील मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष जगापुढे आले. मुखाच्या कर्करोगाविषयी असाच मोठा अभ्यास केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झाला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्याने उजेडात तोंड उघडून नीट पाहायचे, एवढीच ती तपासणी. तंबाखू किंवा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. लागणारी साधने : एक बॅटरी, हातमोजे, लाकडी पट्टी, आणि शिकवलेली दृष्टी.

सराफांना मी हे सर्व सांगितले. माझी भीती अशी होती, की यंत्राऐवजी बॅटरी आणि हातमोजे म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळेल. देणगीदाराला इमारत आवडते, यंत्र आवडते, त्यावर नाव कोरता येते. हे मी दोषारोप म्हणून सांगत नाही, मनुष्यस्वभाव आहे. यंत्राची नोंद भांडवली खर्चात होते, ते ताळेबंदात दिसते आणि दरवर्षी त्यावर घसारा लागतो. आरोग्यसेविकेचा प्रवासखर्च महसुली खात्यात जातो आणि वर्षअखेर नाहीसा होतो. त्या नाहीशा झालेल्या रकमेने काय मिळवले हे दाखवणारा रकाना आमच्या शास्त्रात नाही. सराफ बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी विचारले, "मग सोन्याचा उपचार खोटा का?" मी म्हणालो, खोटा नाही, ती मुदतीची हुंडी आहे, पत चांगली आहे, परंतु वटण्याची तारीख अजून कोणी लिहिलेली नाही. हुंडीचा दाखला त्यांना लगेच पटला.

आता त्या तरुणाकडे येतो. त्याने प्रश्न विचारला तेव्हा मला उत्तर माहीत नव्हते, आणि ते माहीत नाही असे सांगण्याचे धैर्यही त्या वेळी मी दाखवले नाही. "चौकशी करतो, आठ दिवसांनी या," असे मी म्हणालो. ते लेखापरीक्षणाचे दिवस होते. आठ दिवसांनी तो आला, तेव्हा मी बाहेर होतो. पुन्हा आला तेव्हा मी त्याला आणखी थोडे थांबायला सांगितले. त्याने माझ्या शब्दावर विसंबून पुण्याची शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेही नव्हते. अखेर आपल्या शल्यचिकित्सकांसमोर मी हा विषय काढला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला : त्या बाईंची शस्त्रक्रिया झाली का? तोवर जवळजवळ दोन महिने उलटले होते. मानेत गाठ लागली होती. जी शस्त्रक्रिया गालापुरती झाली असती ती जबड्याचा भाग काढून करावी लागली, आणि त्यानंतर रेडिएशनही. दोन महिन्यांपूर्वी झाली असती तर नक्की काय झाले असते, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. त्या माउली आज घरी आहेत. पातळ पदार्थ खातात. बोललेले घरच्यांना समजते, परक्यांना समजत नाही. मुलगा तपासणीच्या कागदांसाठी वर्षातून दोन-तीनदा कार्यालयात येतो आणि मला नमस्कार करतो. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही.

त्यानंतर आम्ही कार्यालयात एक नियम केला. कोणीही नव्या उपचाराची बातमी घेऊन आला, तर चौकशी करतो असे सांगून त्याला परत पाठवायचे नाही. प्रथम विचारायचे, सध्याच्या उपचाराची तारीख कोणती आहे. आणि ती तारीख पाळली जाईल याची व्यवस्था करायची. बातमीची चौकशी त्यानंतर. कागदावर हा नियम दोन ओळींचा आहे. स्वागतकक्षातील भगिनींना तो माझ्यापेक्षा चांगला पाळता येतो.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण पैशाअभावीही तारखा पुढे ढकलल्या जातात. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. संलग्न रुग्णालयात शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राला भेटावे. याशिवाय राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत शेकडा दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि शेकडा दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. हा आपला हक्क आहे. तो मागताना संकोच करू नये आणि कागदपत्रांसाठी अडल्यास आमच्या समाजसेवा विभागाकडे यावे, मग उपचार दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयात चालू असोत.

सराफांनी दिलेली रक्कम विश्वस्त मंडळाने मुखतपासणीसाठी निर्दिष्ट निधी म्हणून स्वीकारली आहे. त्यातून आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण, बायॉप्सीचा खर्च आणि ज्यांच्या तोंडात संशयास्पद चट्टा सापडेल अशा रुग्णाचा व सोबतच्या एका नातेवाइकाचा पुण्या-मुंबईपर्यंतचा प्रवासखर्च भागवला जाईल. प्रवासखर्चाची अट स्वतः सराफांनी घातली. चिठ्ठी देऊन उपयोग नाही, माणूस गाडीत बसला पाहिजे, असे ते म्हणाले. रकमेचा तपशील परिशिष्टात आहे. आपले नाव कोठेही लावू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे मीही ते घेतलेले नाही.

येत्या हंगामात कारखान्यांचे तळ बसताच पहिल्या पंधरवड्यातच तेथे तपासणी व्हावी, म्हणजे चट्टा सापडलेल्या स्त्रीला कोपी उठण्यापूर्वी पुण्याला नेता येईल, असा प्रयत्न आहे. त्यासाठी दोन वाहने आणि संध्याकाळी सहानंतर काम करू शकतील असे स्वयंसेवक हवे आहेत, कारण मजूर दिवसा फडात असतात. ज्यांना शक्य असेल त्यांनी सभा संपल्यावर प्रवेशद्वाराजवळच्या वहीत आपले नाव आणि गाव लिहावे. आणि घरी ज्यांच्या हाती मिश्रीची डबी आहे, त्यांना घेऊन याच महिन्यात बाह्यरुग्ण विभागात यावे. तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि शुल्क नाही.